कोराडीचे चाक आणि आपल्या घरातले शब्द

कोराडी कामठी तालुक्यातच येते, पण कामठीची माणसे कामाशिवाय तिकडे जात नाहीत. नागपूरहून सावनेर-बैतूलकडे जाणारा रस्ता धरला की शहर संपता संपता उंच धुराडी दिसू लागतात. मग तलाव लागतो, मग देवीच्या मंदिराकडे वळणारा रस्ता आणि वीज केंद्राची वसाहत. विदर्भात कोराडीचे नाव काढले की कुणाला महालक्ष्मी जगदंबेचे मंदिर आठवते, कुणाला वीज. आमच्या मोहल्ल्यात कोराडी म्हणजे नोकरी. अमक्याचा मुलगा कोराडीला लागला, एवढेच सांगितले तरी मुलीकडची माणसे पुढचे प्रश्न कमी विचारतात.

मी कामठीच्या एका उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवते. गेल्या हिवाळ्यात आठवीच्या मुलींना घेऊन आम्ही दोघी-तिघी शिक्षिका कोराडीला गेलो होतो. निमित्त विज्ञान आणि भूगोलाचे होते. विजेचा पाठ वर्गात शिकवायचा आणि ज्या धुराड्यांचा धूर आपल्या गच्चीवरून दिसतो ते केंद्र मुलींनी बाहेरूनही पाहिलेले नसावे, हे बरे वाटत नव्हते. पण खरे कारण एका मुलीचा प्रश्न होता. उर्दूच्या पुस्तकात पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याला 'महवरी गर्दिश' म्हणतात. तिने हात वर केला आणि विचारले, "आपा, गर्दिश तो बुरी होती है ना? फिर ज़मीन गर्दिश में क्यों है?"

वर्ग हसला. ती हसली नाही. तिच्या घरी दादी रोज म्हणते की आपले दिन गर्दिश में आहेत. चार यंत्रमाग होते, ते विकले गेले. तिने गर्दिश हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात नव्हे, घरातल्या चुलीपाशी शिकलेला होता.

आधी केंद्राबद्दल थोडे सांगते. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. त्या काळातले लहान संच आता बंद झाले आहेत. २०१५ ते २०१७ या काळात तिथे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच सुरू झाले. आत जे घडते ते समजायला अवघड नाही. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, ती प्रचंड दाबाने पात्यांवर सोडायची, पाती फिरली की त्यांचा दांडा फिरतो आणि दांड्याला जोडलेले जनित्र वीज तयार करते. मुलींना मी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीची आठवण करून दिली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळांतून आणून पात्यांवर सोडले जाई आणि त्यावर दळण होई. तिथे पाणी, इथे वाफ. तिथे पीठ, इथे वीज. बाकी हिशेब तोच.

फरक वेगाचा आहे. इथला दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातल्या विजेच्या ५० हर्ट्‌झचा अर्थ तोच. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरा पूर्ण करते तेवढ्या वेळात कोराडीचा दांडा ४३ लाख २० हजार फेरे घेऊन मोकळा होतो. हा आकडा फळ्यावर मांडला तेव्हा वर्गात पहिल्यांदा शांतता झाली. त्याहून मला स्वतःला भावलेली गोष्ट वेगळी आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे विद्युतजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याला जोडले गेले, तेव्हापासून सगळ्या भारताची वीज एका तालात चालते. कोराडीचा दांडा आणि तमिळनाडूतल्या एखाद्या केंद्राचा दांडा एकमेकांशी जखडल्यासारखे बरोबर फिरतात. एकाला मागे राहायची मुभा नाही.

आता शब्द. मराठीच्या पुस्तकात 'महवरी गर्दिश'ला परिवलन म्हणतात आणि सूर्याभोवती फिरण्याला परिभ्रमण. ज्या रेषेभोवती पृथ्वी फिरते तो तिचा आस. मुलींना आस म्हणजे आशा हे ठाऊक होते, उर्दूत आणि मराठीतही. सूर्याभोवतीच्या वाटेला मराठीत कक्षा म्हणतात, उर्दूत मदार. इथे मी थांबले, कारण मदार हा शब्द मराठी वर्तमानपत्रात जवळजवळ रोज छापून येतो. 'संघाची मदार फिरकी गोलंदाजांवर', 'शेतीची सारी मदार पावसावर'. अरबीत मदार म्हणजे ज्याभोवती एखादी वस्तू फिरते ती जागा. उर्दूत आपण दारोमदार म्हणतो. मराठी माणसाने तो शब्द कधीच आपला करून घेतला, आणि आता त्याला कुणी सांगितले की हा आकाशातल्या ताऱ्यांच्या वाटेचा शब्द आहे तर त्याला आश्चर्य वाटेल.

त्याच अरबी धातूचे कुटुंब मोठे आहे. दौर, दायरा, दौरा. मंत्र्यांचा दौरा म्हणजे मुळात फेराच; आणि उर्दूत 'दौरा पडला' म्हटले की घरातली माणसे डॉक्टरकडे धावतात. संस्थेला आपण इदारा म्हणतो, म्हणजे फिरते ठेवणे, चालवणे. मासिकाच्या संपादकाला उर्दूत मुदीर म्हणतात. मुदीर म्हणजे फिरवणारा. आमच्या संपादकांना हे आवडेल की नाही सांगता येत नाही, पण कोश तसेच म्हणतात.

फारसीचे घराणे वेगळे. फिरणे, भटकणे, उलटणे यांसाठीचा जो फारसी धातू, त्यातून गर्दिश आली. त्यातूनच 'आवारागर्दी' आणि पोलिसांची गस्त. मराठी इतिहासात नादिरगर्दी आणि भाऊगर्दी हे शब्द येतात तेव्हा त्यांचा अर्थ उलथापालथ, धामधूम असा असतो. पानिपतावर जे झाले त्याची आठवण भाऊगर्दीत आहे. पुढे तीच भाऊगर्दी उमेदवारांच्या झुंबडीसाठी वापरली जाऊ लागली. साधी 'गर्दी' म्हणजे आज फक्त बसस्टॉपवरची गर्दी. शब्दांची धार अशीच झिजते. मदरशात किंवा अरबीच्या तासाला मुले क्रियापदांची रूपे डुलत डुलत म्हणतात, त्याला आपण गरदान म्हणतो, म्हणजे शब्द फिरवणे. मराठीचे जुने मास्तर म्हणत, 'देव शब्द चालवा.' मराठीने शब्दाला चालायला लावले, फारसीने गोल फिरवले. मुलांना कंटाळा दोन्हींचा सारखाच येत असणार.

तेव्हा त्या मुलीला मी एवढेच सांगितले की गर्दिश म्हणजे आधी फक्त फिरणे. आकाश फिरते आणि त्याच्याबरोबर माणसाचे नशीब फिरते, असे जुन्या लोकांनी मानले, म्हणून तिला वाईटपणा चिकटला. तिचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

कोराडीत बाजाराच्या बाजूला एक माणूस लाकडी भोवरे विकत होता. मुलींनी लट्टू म्हणून मागितले, त्याने भवरा म्हणून दिले. उर्दूत भंवर म्हणजे नदीतला, नाव बुडवणारा भोवरा, आणि फिरणाऱ्या खेळण्याला लट्टू. मराठीने दोन्ही भोवऱ्यातच बसवले. शिवाय बाळाच्या डोक्यावरचे केस गोल फिरलेले असतात तोही भोवरा. दोरीला जाळी म्हणतात, खालच्या खिळ्याला आर. विकणाऱ्याने जाळी गुंडाळून भोवरा सोडून दाखवला आणि तो इतका स्थिर उभा राहिला की फिरतो आहे हे कळेना. भोवती, भोवळ, भोवणे, हे सगळे त्याचेच गणगोत. 'केलेले कर्म त्याला भोवले' असे मराठी म्हणते, म्हणजे फिरून त्याच्याच अंगावर आले. या एका क्रियापदासाठी मी उर्दूत बराच शोध घेतला. वाक्य करता येते, पण एका शब्दात ते बसत नाही.

उलट 'पायाला भिंगरी लागली आहे' याला उर्दूत चोख उत्तर आहे, 'पाँव में चक्कर है.' आणि मराठीत चक्कर नुसती येत नाही, मारलीही जाते. 'एक चक्कर मारून येतो' म्हणून गेलेला माणूस जेवणाची वेळ टळल्यावर परततो.

नागपूरकडचा खास घोटाळा घुमण्याचा आहे. आमच्या मुली निबंधात लिहितात, 'आम्ही कोराडीला घुमायला गेलो.' इथले मराठी शेजारीही बोलताना तेच म्हणतात, 'घुमाले चाललो.' पण पुण्याच्या परीक्षकाला घुमणे म्हटले की पारवा आठवतो किंवा अंगात आलेली बाई. मी मुलींना सांगते की कागदावर फिरायला लिहा आणि तोंडाने घुमा. भाषा शुद्ध असावी असे मलाही वाटते. पण ज्या गावात हिंदी, उर्दू, वऱ्हाडी आणि छत्तीसगढी एकाच चहाच्या टपरीवर उभ्या असतात, तिथे शब्दांनी एकमेकांच्या घरी जाऊ नये असा हट्ट मला धरता येत नाही.

मंदिराच्या रस्त्यावर आम्ही गेलो नाही, पण यात्रेसाठी जाणाऱ्या बाया भेटल्या. त्यांच्यातल्या एकीने मुलींना विचारले की तुमच्यात प्रदक्षिणा असते का. मुलींनी तवाफचे सांगितले, सात फेरे. एकीने लगेच हाताने दिशाही दाखवली. प्रदक्षिणेत दक्षिण म्हणजे उजवा. मधली वस्तू उजव्या हाताला ठेवून फिरायचे. तवाफमध्ये काबा डाव्या हाताला असतो. त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे आपण समोरासमोर येऊ की गं." सगळ्याच हसल्या. पृथ्वीही उत्तर ध्रुवावरून पाहिली तर तवाफच्याच दिशेने फिरते. त्यावरून मोठमोठे सिद्धांत मांडणारे संदेश मोबाइलवर येत असतात, मी त्यांतली नाही. तवाफची शान वाढायला त्याची गरज नाही. शब्दाच्या अंगाने मात्र एक सांगते. अरबी कोशकार 'तूफान' हा शब्द तवाफच्याच धातूखाली देतात, चहूबाजूंनी वेढून टाकणारे ते तूफान. आणि मंत्र्यांच्या गाड्यांचा 'ताफा' हाही त्याच घरातल्या ताइफाचा मराठी नातू आहे.

सूरह यासीनमध्ये सूर्य, चंद्र आपापल्या 'फलक'मध्ये तरंगत असल्याचा उल्लेख आपल्याला माहीत आहे. मराठी शाळेत फलक म्हणजे पाटी. आमच्या मुली 'फलकावर लिहा' हे वाचून आकाशाकडे बघतात, हा जुना विनोद आहे. पण अरबी फलकचा धातू चातीवर बसवलेल्या गोल चकतीच्या नावातही आहे. सूत कातताना जी चकती चातीला वजन आणि वेग देते ती. हे मी वर्गात सांगितले तेव्हा अर्ध्या मुलींना चाती म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते, आणि मला खरोखर वाईट वाटले. कामठी ही विणकरांची वस्ती. १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे छावणी वसवली आणि १८५७ नंतर उत्तरेकडून मोमिन विणकरांची कुटुंबे येऊन राहिली. माझ्या लहानपणीही दुपारी गल्लीतून जाताना चरख्यांचा आवाज येई. बाया नरी भरत बसलेल्या असत. सोलापूर-इचलकरंजीकडे त्यालाच कांडी भरणे म्हणतात. चरखा हा फारसी चर्खचा, आणि चर्ख व संस्कृत चक्र हे सख्खे भाऊ. इंग्रजीचे व्हील हे लांबचे चुलत. फारसीत आकाशालाही चर्ख म्हणतात. म्हणजे आमच्या आज्यांच्या मांडीपाशी जे फिरत होते त्याला आणि आकाशाला एकच नाव होते. आता नरी हा शब्द म्हणणाऱ्या बाया मोहल्ल्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील. मुलींना मी घरचे काम दिले की आपल्या दादीला, नानीला विचारून चरख्याच्या भागांची नावे लिहून आणा. अकरा जणी आणू शकल्या. बाकीच्यांच्या घरी विचारायला कुणी उरले नव्हते, किंवा ज्या होत्या त्या विसरल्या होत्या.

त्याच आठवड्यात मराठीचा निबंध होता, 'माझे कुटुंब'. गर्दिशचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने लिहिले होते, 'अब्बांना कोराडीकडे एका ठेकेदाराकडे राखेच्या गाडीवर काम मिळाले. आमचे दिवस फिरले.'

हे वाक्य मी बराच वेळ बघत राहिले. उर्दूत 'दिन फिरना' म्हणजे चांगले दिवस येणे. उकिरड्याचेही दिन फिरतात, ही म्हण आपल्या घरोघरी आहे, आणि ती आशेची म्हण आहे. मराठीत मात्र 'दिवस फिरले' म्हणजे वाईट काळ आला. ग्रह फिरले, डोके फिरले, वारे फिरले. मराठीत काही फिरले की बहुतेक बिघडते. सरळ आनंदाने लिहिलेले तिचे वाक्य मराठी वाचणाऱ्याला रडगाणे वाटले असते. नियमाप्रमाणे मी खाली लाल रेघ ओढून 'आमचे दिवस पालटले' असे सुचवायला हवे होते.

पण राखेच्या गाडीवरचे काम म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राखच असते. एवढा कोळसा रोज जाळायचा तर राख कुठेतरी साठवावी लागते, त्यासाठी तलाव आणि बांध लागतात. जुलै २०२२ च्या पावसात खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले. मराठीत वाटोळे म्हणजे गोल आणि वाटोळे म्हणजे सत्यानाशही. हा योगायोग त्या शेतकऱ्यांना समजावून सांगायची गरज नाही. ज्यांच्या जमिनी अशा प्रकल्पांत जातात त्यांचा पहिला अनुभवही एका फिरणाऱ्या शब्दाचाच असतो, तलाठ्याच्या दप्तरातला 'फेरफार'. नाव फिरले की जमीन गेली. उत्तर प्रदेशातून आलेले आमचे जुने लोक त्यालाच दाखिल-खारिज म्हणत; एक आत, एक बाहेर. मे २०२३ मध्ये आणखी दोन ६६० मेगावॅट संचांसाठी कोराडीत जनसुनावणी झाली, तेव्हा विरोधातही लोक बोलले आणि बाजूनेही. दोन्हींकडे पोटाचाच प्रश्न होता. ज्याच्या मुलाला श्वास लागतो त्याच्या आणि ज्याच्या मुलाला काम हवे त्याच्या घरात अंतर कधीकधी एका भिंतीचे असते, कधी तेवढेही नसते.

मी रेघ ओढली नाही. समासात दोन्ही भाषांतले दोन्ही अर्थ लिहिले आणि खाली प्रश्नचिन्ह ठेवले. दुसऱ्या दिवशी तिने वही परत आणली. तिने खाली उर्दूत लिहिले होते, 'आपा, ठेका मार्च तक है.'

सहलीच्या दिवशी आमच्याबरोबर मोहल्ल्यातले एक चाचा होते. त्यांनी जुन्या संचांवर नोकरी केली आणि ते बंद होण्याच्या सुमारास निवृत्त झाले. केंद्राच्या आत जायची परवानगी आम्हाला नव्हती, म्हणून रस्त्याच्या कडेला उभे राहून ते मुलींना सांगत होते. मुलींना वाटत होते की बटण दाबले की मशीन थांबत असेल, पंख्यासारखे. चाचा म्हणाले, "पंखा बंद करो तो रुक जाता है. इसको रोकने के बाद भी घुमाना पड़ता है."

मग त्यांनी समजावून सांगितले. वाफ बंद केली तरी एवढा जड दांडा लगेच थांबत नाही, बराच वेळ आपल्याच वेगाने फिरत राहतो आणि हळूहळू मंदावतो. तो पूर्ण थांबला तर धोका. आतली उष्णता भयंकर असते. वरची बाजू गरम राहते आणि खालची लवकर निवते, त्यामुळे उभा राहिलेला दांडा वाकतो. केसाएवढा वाकला तरी पुन्हा ३००० च्या वेगाने फिरवता येत नाही. म्हणून एक छोटी मोटर लावून त्याला संथ संथ फिरवत ठेवतात, पूर्ण थंड होईपर्यंत, तासन्‌तास, कधी दिवसापेक्षाही जास्त. त्याला बॅरिंग गियर म्हणतात. रात्रपाळीत चाचांचे ते काम असे. वीज तयार होत नसे, दिवे लागत नसत, पण मशीनला फिरते ठेवायला माणूस जागा लागे.

"उसकी आवाज़ कैसी होती है?" एका मुलीने विचारले.

चाचा थोडा वेळ धुराड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जैसे रात को अम्मा नरी भरती थी."

त्या मुलीने वही काढून तो शब्द लिहून घेतला. मी तिला अर्थ सांगायला गेले, तर ती म्हणाली, "मालूम है, आपा. मेरी दादी के ग्यारह नाम मैंने ही लाए थे."